पेण ते नेरूळ: अर्धा कप चहा

रविवारी सकाळी पेणच्या घरून निघालो, तेव्हा शालनने, माझ्या बायकोने, अर्धाच कप चहा पुढे ठेवला. स्वतःलाही तेवढाच ओतला. "दूध आटलं की काय घरातलं?" मी खेकसलो. चार महिने हेच चाललं होतं. ती एवढंच म्हणाली, "एक सभा करून या, आणि शुद्धीत या. नाहीतर उद्या दादा येतोय, मी आपल्या चिमीला घेऊन महाडला माहेरी जाते." तिचा आवाज चढला नाही, म्हणून मी जास्त घाबरलो. दारू सोडून नऊ दिवस झाले होते, आणि माझ्या असल्या शपथा तिने ढिगाने ऐकल्या होत्या.

दारू सोडणाऱ्यांची सभा पेणमध्येही भरते म्हणे. पण मी पडलो शाळामास्तर. तिथे एखादा पालक भेटला तर? नवी मुंबईत कोणी कोणाला ओळखत नाही, असं ऐकून होतो.

एसटीने पनवेलपर्यंत हाडं खिळखिळी केली. स्टँडवर वडापाव घेतला. दोन घास कसेबसे गेले, उरलेला कागदात गुंडाळून ठेवला. समोर बार सताड उघडा. त्याच्याकडे पाठ करून नेरूळच्या बसची वाट पाहत बसलो. त्या वीस मिनिटांत जेवढा दमलो, तेवढा पाचवीच्या वर्गावरही कधी दमलो नव्हतो.

बेलापूरच्या अलीकडे एका बाजूला खाडी आणि तिवरं (खाऱ्या पाण्यातली झुडपं), दुसऱ्या बाजूला खाणीने कापून काढलेला डोंगर. मग इमारती सुरू झाल्या, सगळ्या एका मापाच्या. इथे पत्ता म्हणजे नुसते आकडे: सेक्टर, प्लॉट, बिल्डिंग. माझ्या चिठ्ठीवरचा प्लॉटचा आकडा घामाने पुसला गेला होता. आता दारूच्या सभेचा पत्ता कुणाला विचारणार? जीभ रेटेना. एका गेटवरच्या वॉचमनला नुसतं विचारलं, "मीटिंग कुठेय?"

"अंदर, पार्किंग में. जल्दी जाओ, चालू हो गया."

आत चाळीसेक माणसं खुर्च्यांवर बसली होती. सगळ्यांचे चेहरे वैतागलेले. आपलीच माणसं, असं वाटून मला बरं वाटलं. पाण्याची टाकी आणि पंप, यावरून त्यांची जुंपली होती. मला वाटलं, सुरुवात अशीच इकडचं तिकडचं बोलून करत असतील. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला.

"ओ काका, तुमचा फ्लॅट नंबर?" सेक्रेटरी वही घेऊन समोर उभे.

आता काय बोंबलू? खोटं सुचण्याएवढंही त्राण नव्हतं. "मी पेणचा. दारू सोडायला आलोय."

आयुष्यात पहिल्यांदा हे मोठ्याने बोललो, तेही सोसायटीच्या पाण्याच्या मीटिंगमध्ये! कोणीतरी फिसकन हसलं. पुढच्या रांगेतल्या एक बाई मात्र उठल्या आणि मला गेटपर्यंत घेऊन आल्या. "ती सभा पुढच्या चौकातल्या शाळेत असते. मागच्या गेटनं जा, पुढचं रविवारी बंद असतं. आमचे हे जायचे," म्हणाल्या.

बालवाडीच्या वर्गात, बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन अकरा जण बसले होते. एक न्हावा शेव्याचा ट्रेलर ड्रायव्हर, एक बँकेतला क्लार्क, आणि दिवाळे गावचा एक म्हातारा कोळी, ज्याला सगळे नाखवा (होडीचा मालक) म्हणत होते. आडनाव कोणी विचारलं नाही. एकेक जण उठून बोलत होता. माझी पाळी आली. "मी मास्तर आहे. वर्गावर पिऊन गेलोय," एवढंच बोललो आणि रडू फुटलं. लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

मग चहा आला. नाखवाने किटलीतून ओतून माझ्या हातात कप दिला. अर्धा! पाहिलं, तर सगळ्यांचेच कप अर्धे. माझा स्वभाव मुळात तिरसट. "इथेही काटकसर?" मी म्हणालो.

नाखवा हसला. "काटकसर नाय रं मास्तर. नव्या मानसाचा हात हालतो. भरला कप सांडला का तो लाजतो, नि पुन्ना येत नाय. म्हनून सगल्यांनाच अर्दा. आमची रीत हाय ती. पायजे तर दोनदा घे."

माझ्या हातातला चहा काठापर्यंत हिंदकळत होता, पण सांडत नव्हता. शालन स्वतःचाही कप अर्धाच का भरायची, ते आत्ता डोक्यात शिरलं. आणि मी तिच्यावर चार महिने दुधावरून ओरडत होतो!

परतताना पनवेलला पुन्हा तोच बार. बाकावर टेकलो, पण तोंडाला कोरड पडली होती. खोटं कशाला बोलू, मी उठलोसुद्धा. मग घरचे ते दोन अर्धे कप आठवले आणि परत बाकावर बसलो. बस तासाभराने आली.

दिवेलागणीला घरी पोचलो. शालनने जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला. मी घेऊ दिला. आत महाडची बॅग भरलेली होती. तिने चहा ओतायला घेतला.

"आज भरून दे," मी म्हणालो.

"सांडेल." चार महिन्यांत हा शब्द तिने पहिल्यांदा उच्चारला.

"सांडू दे. मला कळलंय."

तिने काठोकाठ भरला. दोन्ही हातांनी उचलला, तरी सांडलाच, बशीत आणि लेंग्यावर. नेरूळ काही फार लांब नाही. पण असा दमून मी कुठल्याच प्रवासाहून आलो नव्हतो. पुसायला फडकं हवं होतं, म्हणून शालनने ती बॅग उघडली, आणि मग चिमीचे फ्रॉक एकेक करून परत कपाटात ठेवू लागली.