आडवं पडलेलं तरंगं

आज सरकीची ढेप, गुरांची पेंड, तव्यावर भाजायला घेतली आणि त्या वासासरशी दिग्रसजवळचा तलाव डोळ्यांपुढे आला. आमचं लग्न सासऱ्यांना पसंत नव्हतं. वर्षभर ते माझ्याशी बोलले नव्हते, आणि एका सकाळी अचानक मला गळ टाकायला घेऊन गेले. भाजलेल्या ढेपेची गोळी आमिष म्हणून गळाला लावून त्यांनी काठी माझ्या हाती दिली. दोरीला खाली शिसं आणि वर जवारीच्या धांड्याचं तरंगं; शिशाच्या ओझ्यानं ते पाण्यात ताठ उभं होतं. ते बुडालं की ओढायचं, एवढंच मला ठाऊक. अर्धा तास मी पापणी लवू दिली नाही. मानेवर त्यांची नजर टोचत होती. तरंगं बुडालं नाही, हळूच वर आलं आणि आडवं झालं. वाऱ्यानं पडलं असेल म्हणून मी थांबलो, आणि शेवटी ओढला तर गळ कोरा परत आला. आता सासरे उठून जाणार, असं वाटलं. "मासोळीनं खालचं शिसं उचललं, म्हणून आडवं झालं ते," ते म्हणाले, "बुडायची वाट काहून पाहून राह्यले, जवाईबापू?" जवाई म्हणून त्यांनी मला मारलेली ती पहिली हाक. लकव्यानंतर आता त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. गरम ढेप त्यांच्या नाकाशी धरून मी त्यांच्या लुळ्या पडलेल्या उजव्या हाताकडे बघत बसलोय, एखादं बोट जरा तरी वर येईल म्हणून.