‘कदाचित’ खोडणारा मामा

आमच्या मामाला सगळं शहर सोपेमास्तर म्हणतं. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाला आणि रेडिओवर जाऊन बसला. दर गुरुवारी सकाळी ‘विज्ञान सोप्या शब्दांत’. शब्द सोपे असतात, हे कबूल. त्यात विज्ञान कुठे असतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

कार्यक्रमाची तयारी आमच्या स्वयंपाकघरात चालायची, कारण मामी त्याला घरात पसारा मांडू देत नसे. टेबलावर कुठल्यातरी संशोधनाचा छापील गोषवारा, शेजारी आईनं केलेला चहा आणि हातात लाल पेन्सिल. ‘कदाचित’ दिसलं की खोड. ‘काही रुग्णांमध्ये’ खोड. ‘अजून तपासायला हवं’ हे तर तो अशा त्वेषानं खोडायचा की कागद फाटायचा. एकदा प्रयोग उंदरांवरचा होता. मामानं उंदीर खोडले आणि गुरुवारी तोच प्रयोग माणसांवरचा झाला.

“मामा, उंदीर कुठे गेले?” मी विचारलं.

“उंदीर रेडिओ ऐकतात का?” मामा म्हणाला. आई पोट धरून हसली. “अगं,” मामा मला म्हणाला, “शंका म्हणजे घासातला खडा. दाताखाली आला की माणूस पानावरून उठतो.”

उथळ पाण्याला खळखळाट फार. पण तो खळखळाट लोकांना आवडायचा. मामानं लिंबाचं नाव घेतलं की दुपारपर्यंत मंडईतली लिंबं संपत. रस्त्यात लोक थांबवून आपली दुखणी सांगत, आणि हा शहाणा त्यांना उभ्याउभ्या उपाय सांगे. नगरपालिकेनं ‘समाजाला डोळस करणारा’ म्हणून मानपत्र दिलं. ते बघायला मानपत्र लिहिणाऱ्याचेच डोळे जागेवर असते तर बरं झालं असतं.

आमची आई त्याची सर्वांत मोठी भक्त. तशी ती कुणाचं ऐकणारी नव्हे. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. उतू जाणाऱ्या दुधाला दम देई, करकरणाऱ्या दाराशी भांडे. फक्त भावापुढे तिची अक्कल गहाण. डॉक्टर सांगोत, मी सांगो, वाद एका वाक्यात संपायचा: “दादा म्हणतो.”

मग आली बिटाच्या रसाची पाळी. आईला रक्तदाब, रोज सकाळी एक गोळी. मामाच्या कागदावर लिहिलं होतं की गोळ्या चालू ठेवून रस घेतला तर काहींचा रक्तदाब कदाचित थोडा उतरतो. लाल पेन्सिल फिरल्यावर उरलं एवढंच: रस घ्या, रक्तदाब उतरतो.

“मामा, ‘गोळ्या चालू ठेवून’ हे तरी राहू दे,” मी म्हटलं.

“ते काय सांगायचं? समजतंच की लोकांना.”

लोकांना काय समजलं ते माहीत नाही. आईनं गोळ्या बंद केल्या. मला वाटलं, दोन्ही घेते आहे. मोरीत रोज बिटाची लाल सालं पडलेली असायची आणि मी मुकाट्यानं ती उचलत होते. एका सकाळी आई त्याच मोरीपाशी कोसळली. तोंड एका बाजूला गेलं. वाचा गेली.

दवाखान्यात मामा डॉक्टरीणबाईंच्या मागेमागे फिरत होता. “बोलायला लागेल ना ही?”

“कदाचित,” त्या म्हणाल्या. “काहींना येतं, काहींना नाही. व्यायाम मात्र रोज करावा लागेल.”

“कदाचित काय कदाचित? नक्की काय ते सांगा!”

“नक्की एवढंच आहे.”

मला वाटलं, आता तरी याच्या डोक्यात प्रकाश पडेल. कसला पडतोय! पुढच्याच गुरुवारी विषय होता मेंदू. “आपला मेंदू आपली दुरुस्ती आपणच करतो,” मामा आईच्या उशाशी ठेवलेल्या रेडिओतून सांगत होता. रोजचा व्यायाम लाल पेन्सिलीनं खोडलेला असणार. आवाज भरून आला होता. बहिणीसाठीच बोलत होता, हे मलाही कळलं. त्यामुळे राग कमी झाला नाही, उलट वाढला.

आईला बोलायला शिकवणारी मुलगी त्याच वेळी आली होती. आरसा धरून ‘आ’ म्हणायला सांगत होती. आदल्या दिवसापर्यंत आई घाम फुटेस्तोवर प्रयत्न करायची. त्या दिवशी तिनं आरसा बाजूला सारला. बऱ्या हातानं रेडिओकडे बोट केलं. ओठ वेडेवाकडे झाले, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या.

“दा...दा,” आई म्हणाली. “म्हणतो.”

“बोलल्या! अहो, बोलल्या तुमच्या आई!” ती मुलगी टाळ्या वाजवू लागली.

मी उठले आणि रेडिओ बंद केला. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच तिची वाचा नेली होती. मग तिनं आरसा पालथा घातला.