सपाट फरशीवरचा अरामाचा राजा

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी न्हाव्याने साडूच्या दोन्ही गालांना फेस लावला, एका गालावरून वस्तरा फिरवला आणि मध्येच थांबला. डोक्यात अरामाचा राजा घुसून बसला होता.

उद्याच्या उपासनेत त्याला बायबलमधलं वचन वाचून त्यावर दोन शब्द बोलायचे होते. गेल्या खेपेला उभा राहिला आणि तोंडाला कुलूप लागलं. मंडळीने आधी वाट पाहिली, मग खोकून पाहिलं. यंदा पाळकांनी दिलेलं वचनही असं, की धरायचं कुठे तेच कळेना. लढाई जिंकलेल्या इस्राएलच्या राजाला संदेष्टा बजावतो, तयारीत राहा, वर्ष उलटलं की अरामाचा राजा पुन्हा चालून येईल.

"एवढा मार खाल्ला, तरी परत कशाला येतो हा?" त्याने आरशाला विचारलं.

"मी उद्याच येतोय," साडू म्हणाला. "म्हणजे तुम्ही यायचं. अकरा वाजता, कॅरम, माझ्या घरी."

"गेल्या वर्षी हरलात की!"

"हरलो कसला! तुमच्या घरची फरशी उतरती. राणी आपोआप तुमच्या कोपऱ्याकडे घसरत होती. माझ्याकडे सपाट आहे. तिथे बघू."

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. अरामाच्या दरबाऱ्यांनी राजाला हेच पटवलं होतं. इस्राएलचा देव डोंगरातला, म्हणून डोंगरात हरलो. आता सपाटीवर गाठू.

"साडूभाऊ, अरामाचा राजा तुम्हीच!"

"मग राजाची दाढी तरी पुरी करा."

न्हाव्याने सगळं सांगितलं. साडूने विचारलं, "सपाटीवर काय झालं त्याचं?"

"आपटला."

"आणि हे तुम्ही उद्या सांगणार? मी पहिल्या बाकावर बसतो हो!"

"नाव नाही घेणार तुमचं."

"फरशी म्हटलंत की झालं, वर्षभर सगळ्यांना तेच सांगत आलोय. अख्खी मंडळी माझ्याकडे वळेल."

न्हाव्याची बायको धुतलेले टॉवेल घेऊन आत आली होती. "अहो, ताकीद तर जिंकलेल्याला होती ना? आपला कॅरम वर्षभर भिंतीला टेकून उभा आहे. मी त्यावर टॉवेल वाळत घालते."

साडू इतका हसला की फेस आरशावर उडाला. न्हाव्याचा चेहरा पडला. मग त्यालाही हसू आलं. आता बोलता येणार होतं. फजिती आपलीच, म्हणजे कोणाला दुखवायचा प्रश्न नाही.

त्याने साडूचा दुसरा गाल पुरा केला.

उद्या रविवार, दुकान बंद. उपासना साडेआठला, कॅरम अकराला. आज रात्री सरावाला कॅरम खाली येईल, टॉवेल दोरीवर वाळतील.