नाक त्याचं, सही माझी

आमच्या ऑफिसातल्या शिपायाइतका साहेबासारखा दिसणारा माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा झाला नाही, आणि हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण सव्वीस वर्षं त्याचा साहेब मी होतो. तो उंच, गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, मूळचा मालवणकडचा. कानांवर तेवढे पांढरे झालेले केस आणि समोरच्याला आपोआप उठून उभं राहायला लावणारं नाक. मी पाच फूट तीन इंच, रंगाने काळा, परळच्या चाळीतल्या बौद्ध घरात वाढलेला, रात्रशाळेत शिकून, परीक्षा देऊन अधिकारी झालेला. पण गिरगावातल्या आमच्या ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस त्याला वाकून नमस्कार करायचा आणि मला म्हणायचा, "जरा पाणी आणता का?" मी खुर्चीत बसलेलो असलो तरी फरक पडायचा नाही. साहेब उभे आहेत तेवढ्यात हा जरा टेकलाय, असं लोकांना वाटायचं. मी मुकाट्याने पाणी आणून द्यायचो. पुढे सहीच्या वेळी त्यांना माझं नाव, आडनाव आणि हुद्दा एकदमच कळायचा, तेव्हा काहींचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

बरं, या गृहस्थाने कधी साहेब असल्याचं सोंग आणलं म्हणावं, तर तेही नाही. तो फक्त हात मागे बांधून सावकाश चालायचा आणि कुणी काहीही विचारलं तरी "बघू या" एवढंच म्हणायचा. या दोन शब्दांवर त्याने अर्ध्या दक्षिण मुंबईचा आदर कमावला. लग्नाला आम्ही दोघं गेलो की त्याला पुढच्या सोफ्यावर नेऊन बसवायचे आणि मला विचारायचे, "ड्रायव्हरची जेवणं मागे आहेत, माहीत आहे ना?" मी चिडून त्याला जाब विचारला, तर हा शांतपणे म्हणतो, "तेंनी खुर्ची दिल्यानी, मी बसलंय. माझो काय गुन्हो?"

एकदा आम्हा सगळ्यांना ट्रेनिंगला बसवलं. शिकवायला आलेल्या बाई फार छान बोलल्या. माणसाचा मेंदू आळशी असतो, समोरच्याला नीट बघायचे कष्ट नकोत म्हणून तो त्याला तयार साच्यात टाकून मोकळा होतो, आणि मग त्या साच्यालाच माणूस समजतो. मला तर उठून टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. चहाच्या सुट्टीत बाई आमच्यापाशी आल्या, आपला रिकामा कप माझ्या हातात दिला आणि त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "सर, कसं वाटलं सेशन?" तो म्हणाला, "बघू या." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं!

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण एका सकाळी माझ्या आईच्या छातीत कळ आली आणि मी तिला जवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिला व्हीलचेअरवर बसवून मी खिडकीशी चार वेळा सांगितलं, ऑफिसचं ओळखपत्र दाखवलं. "लाईनीत या," एवढंच उत्तर. आईचे ओठ पांढरे पडत चालले होते आणि माझ्यासारख्या माणसाची घाई ही कुणाला घाई वाटतच नव्हती. मी ऑफिसात फोन केला होता, म्हणून तो आला. हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "काय चाललंय इथे?" बस! स्ट्रेचर आलं, डॉक्टर आले, आणि आईचा आजार माझ्या शिपायाला समजावून सांगू लागले. तो म्हणाला, "यांना सांगा. आई यांची आहे." तरी डॉक्टर बघत होते त्याच्याचकडे.

आई वाचली, पुढे सात वर्षं जगली. त्या दिवशी मात्र मी जिन्यात बसून रडलो, आणि ते रडणं आनंदाचं नव्हतं. माझ्या आईचा जीव एका नाकाने वाचावा, माझ्या तोंडच्या शब्दाने वाचू नये, याचा संताप माझ्या मनातून आजही गेलेला नाही. तो शेजारी येऊन बसला. मी त्याच्यावरच ओरडलो, "तुझ्या नाकावर चालतात का रे हॉस्पिटलं?" तो म्हणाला, "सायेब, नाक माझ्या बापाचं. तो गिरणीत खोकून खोकून मेला, त्याला काय उपयोग झाला नाय त्याचा. तुमच्या आईला झाला ना? मग झालं तर."

आता आम्ही दोघंही रिटायर झालोय. त्याचे आधी केस गेले, मग दात गेले, मग एका लांबलेल्या आजारपणात अंगावरचं सगळं मांस गेलं. कवळी तोंडात बसत नाही म्हणून ती खिशात असते. मागच्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आम्ही बरोबरच बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाई मान वर न करता त्याला म्हणाल्या, "ओ काका, बाजूला व्हा. तिकडे उभे राहा." त्याने वळून मागे पाहिलं, कुणाला म्हणतायत ते. मागे कुणीच नव्हतं. मग तो गुपचूप भिंतीला जाऊन टेकला आणि माझ्याकडे बघून बोळक्या तोंडाने हसला. "सायेब, तुम्ही सव्वीस वर्षं हयसर, ह्या बाजूक उभे होतात? माका आज कळला."

उभ्या नोकरीत मी परक्या माणसावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "कुणाला बाजूला म्हणताय तुम्ही? आमचे साहेब आहेत ते! आधी खुर्ची द्या!" सगळी बँक माझ्याकडे बघायला लागली. बाई गडबडून उठल्या, खुर्ची आली. तो बसायला तयार होईना. "सायेब, तुम्ही बसा," म्हणायला लागला. मी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, तेव्हा हाताला नुसतं हाड लागलं. त्याला खोकल्याची उबळ आली.

बाई आता नरमल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "साहेबांना जरा पाणी आणता का?"

मी जाऊन घेऊन आलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्या वाक्याचा राग आला नाही.