शाळेत उंदीर पडला

रखमाबाई मोहिते स्वभावानेच भित्र्या होत्या. विहिरीत डोकावायची भीती, मोकाट म्हशींची भीती, आणि मोठ्या आवाजाच्या पुरुषांची तर इतकी की समोरून कुणी नुसतं खाकरलं तरी त्यांचा पदर पुढे ओढला जाई. वडील जयसिंगराव बडोद्याच्या पागेतले घोडेस्वार. रावपुऱ्यातल्या त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लढणारी माणसं झाली. त्यांच्या पोटी हे कोकरू कुठून आलं, असं आत्या तोंडावर विचारायची.

लग्नाला वर्ष होतं न होतं तोच शहरात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. घरात उंदीर मरून पडला आणि चार-पाच दिवसांत नवरा गेला. रखमाबाई माहेरी परतल्या त्या एका लुगड्यानिशी. मराठ्यांच्या घरातल्या विधवेने माजघराबाहेर यायचं नसतं; पण जयसिंगरावांनी जातभाईंना न जुमानता लेकीला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात घातलं. "मी गेल्यावर कुणाच्या दारात उभं राहायची पाळी येऊ नये," एवढंच ते म्हणाले.

शिकताना रखमाबाईंना भीती वाटली नाही. ती वाटली शिकून झाल्यावर. महाराजांनी राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं, त्याच्या पुढच्या वर्षी तरसालीच्या नव्या मुलींच्या शाळेवर त्यांची नेमणूक झाली, आणि पुढे ओढलेला पदर तरसालीची वेस आली तरी मागे सरला नाही.

तरसाली तेव्हा कापसाच्या शेतांतलं खेडं. आपल्याकडे पाटील तसा तिथे मुखी. मुखी रायजीभाई धिप्पाड माणूस; बोलले की अंगणातली कबुतरं उडायची. आपल्या धान्याच्या कोठाराला लागून असलेली खोली त्यांनी शाळेला दिली आणि म्हणाले, "सरकारचा हुकूम आहे म्हणून खोली देतो, बेन. छोकऱ्या तुमच्या तुम्ही आणा."

छोकऱ्या आल्या तीनच. त्यात एक मुखींचीच नात, मोंघी. बाकीच्यांच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं, पण रखमाबाई दारापर्यंत जात आणि कडी न वाजवताच परत फिरत. त्या ज्यांच्या पडवीत राहायच्या त्या जीवीमा, एकट्या राहणाऱ्या म्हातारबाई, हे रोज पाहायच्या. एक दिवस त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुला बोलता येत नाही ना? तू शिकव. आणायचं काम माझं."

तेव्हापासून जीवीमा सकाळी घरोघर हाका मारत फिरू लागल्या. मुली वाढल्या. मग आया डोकावू लागल्या, हातातलं काम घेऊन उंबऱ्याबाहेर बसू लागल्या. सुताराने फळा करून दिला, कुंभाराने पाण्याचे माठ आणून ठेवले. मुखींची सून मुलींना भरतकाम शिकवायला येऊ लागली आणि हळूच पाटीवर स्वतःचं नाव गिरवून जाऊ लागली. दिवाळीनंतर रखमाबाईंच्या ध्यानात आलं की, रस्त्याने जाताना आपला पदर जागच्या जागी असतो.

पौषात शहरात पुन्हा प्लेग असल्याची कुजबुज आली. आणि एका सकाळी झाडायला म्हणून त्यांनी शाळेचं दार उघडलं, तर फळ्याखाली उंदीर पडलेला. तोंडाशी रक्ताचा थेंब. अंगावर दाताची खूण नाही.

केरसुणी हातातून गळून पडली. नवऱ्याच्या काखेतली ती गाठ, त्याचं ते बरळणं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. त्या धावत मुखींकडे गेल्या.

"मांजराने मारला असेल," मुखी म्हणाले. मग रखमाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला, आणि तो खालचा आवाज नेहमीच्यापेक्षा जास्त भीतिदायक होता. "बेन, कापूस वेचणीला आलाय. गाव उठून रानात गेलं तर वेचणार कोण? दवाखान्याची माणसं येतील, कौलं उतरवतील, धान्य उन्हात टाकतील. थोडे दिवस गप्प राहा. उंदीर मी पुरतो." मग ते म्हणाले, "आणि तो तुमच्या शाळेत पडलाय, हे विसरू नका. लोक म्हणतील, छोकऱ्यांच्या हाती पुस्तक दिलं म्हणून माता कोपली."

यात खोटं काहीच नव्हतं. लोक तसंच म्हणाले असते. रखमाबाई मान खाली घालून बाहेर पडल्या. गप्प राहायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीवीमा दिसल्या, मागे मुलींची रांग. मोंघी सगळ्यांत पुढे, उड्या मारत.

विचार करायला सवडच नव्हती. त्या पळत जाऊन शाळेच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीला लावून. मोंघीने पायरीवर पाऊल ठेवलं आणि रखमाबाई किंचाळल्या, "मागे फिर! कुणी आत येऊ नका! उंदीर पडलाय!"

पलीकडच्या घरातलं जातं थांबलं. बघता बघता चौक भरला. "शाळेनेच मरकी आणली!" कुणी तरी ओरडलं. एक ढेकूळ येऊन त्यांच्या खांद्यावर फुटलं. पण चौकटीवरचे हात सुटले नाहीत. सुटले असते तर त्या खालीच कोसळल्या असत्या.

मुखी येऊन उभे राहिले. मोंघीने आजोबांचा हात धरला. "दादा, आपल्या कोठारातपण काल पडला होता ना? तुम्ही उकिरड्यात टाकलात तो?"

सगळा चौक मुखींकडे वळला. मुखींनी पागोटं काढून हातात घेतलं. मग म्हणाले, "गाव खाली करा."

संध्याकाळपर्यंत तळ्यापलीकडचा माळ खाटांनी आणि भांड्यांनी भरून गेला. खबर लागताच जयसिंगराव बैलगाडी घेऊन आले. "चल," म्हणाले. रखमाबाईंना जायचंच होतं. त्यांनी ट्रंक गाडीत चढवलीसुद्धा. पण गाडीत बसता बसता त्यांना दिसलं, दोन मुली गावाकडच्या वाटेला लागल्या होत्या, घरी राहिलेली बाहुली आणायला. त्यांनी हाक मारून त्यांना परत बोलावलं आणि मग गाडीत पाय टाकवेना.

"आबा, यांना दिवसभर एका जागी कुणी बसवलं नाही तर या अशाच घरात शिरतील."

"भीती नाही वाटत तुला?"

"खूप वाटतेय."

जयसिंगराव गाडीवरून खाली उतरले. गाडीचे बैल सोडून त्यांनी बाह्या सावरल्या. छावणी उभारण्यात त्यांची हयात गेलेली. मुखींच्या माणसांना हाताशी धरून त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत शाळेचा मांडव उभा केला.

जीवीमा मात्र कुणालाही न सांगता गावात गेल्या होत्या. देव्हाऱ्यातले लालजी, त्यांचा बाळकृष्ण, घरी एकटे राहिले म्हणून. त्यांना ताप चढल्याचं कळलं तेव्हा रखमाबाई त्यांच्या माळावरच्या झोपडीच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच खिळल्या. पाऊल आत पडेना. आतून जीवीमा म्हणाल्या, "येऊ नकोस, दीकरी. तुला मुली सांभाळायच्यात." दोन दिवसांनी त्या गेल्या. आत न गेल्याचं दुःख रखमाबाईंना जन्मभर राहिलं, आणि आत जायला सांगितलं असतं तर गेले असते का, याचं उत्तर त्यांना कधीच देता आलं नाही.

आता शाळा मोडणार असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. हाका मारणारंच कुणी उरलं नव्हतं. पण सकाळी मांडवाकडे मुलींची रांग आली, आणि पुढे मुखींची सून. दुसऱ्या दिवशी सुताराची बायको. बायकांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या होत्या. रखमाबाईंना कुणी विचारलंही नाही.

फाल्गुनात घरं चुन्याने धुऊन गाव परतलं. जीवीमा धरून चार माणसं दगावली होती. उशीर झाला असता तर किती, हे सगळ्यांनाच कळत होतं. परीक्षा घ्यायला साहेब आले तेव्हा मोंघीने धडा घडाघडा वाचला. मुखी खिडकीबाहेर उभे राहून ऐकत होते. त्याच आठवड्यात त्यांनी वेशीजवळची आपली जागा शाळेला देऊन टाकली, कोठारापासून दूर. विटा एकाने दिल्या, लाकूड दुसऱ्याने, माती सगळ्यांनी वाहिली, आणि जमीन बायकांनी सारवली.

शाळा तयार झाली तेव्हा सारं गाव जमलं. "पहिलं पाऊल तुमचं, बेन," मुखी म्हणाले.

रखमाबाई उंबऱ्याशी थबकल्या. "आधी कोपरे बघून घेते," त्या पुटपुटल्या.

कुणी हसलं नाही. "बघा," मुखी म्हणाले, "आम्ही थांबतो."

त्या आत गेल्या. सगळे कोपरे, फळ्यामागची भिंत, माठांची घडवंची, सगळं वाकून वाकून पाहिलं. बाहेर गाव उन्हात ताटकळत उभं होतं. मग त्यांनी दारात येऊन मुलींना आत बोलावलं.