दोन दारांची लाल गाडी

अहमदपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मेकॅनिकमामांचं गॅरेज आहे. तिथं दोन दारांची एक जुनी लाल स्पोर्ट्स गाडी होती. बारा वर्षं मामा रोज संध्याकाळी ती दुरुस्त करत बसायचे. विचारलं की म्हणायचे, "होत आलीय."

यंदा त्यांना बारीक दिसेनासं झालं आणि त्यांनी ती अर्धवटच लातूरच्या एका माणसाला विकली.

"इंजिन कुठंय, मामा?" त्यानं विचारलं.

"खोलून डिक्कीत ठेवलंय. एक बी नट कमी न्हाई."

गाडी ट्रकवर चढवताना स्टिअरिंगवर मामाच बसले. गाडी चढली, तरी ते उतरेनात.

"उतरा की, मामा," मी म्हणालो.

"फाट्यापर्यंत जाऊन येतो. ही चालताना कशी वाटती, ते बघायचंच राहिलं."

ट्रक निघाला. वळणावर मामांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि वळत असल्याची खूण केली.