भिंतीची भोकं

मिल बंद झाल्यावर क्वार्टर सोडणाऱ्या एका कामगाराकडून आईने भांड्यांची मांडणी घेतली. ती बसवायला तोच आला. भिंतीवरून तळवा फिरवत त्याने विचारलं, "घर खुदचं आहे ना, भाभीजी?"

"भाड्याचं," आई म्हणाली.

त्याने हातोडी खाली ठेवली. "क्वार्टर पाडणारच आहेत, भिया," तो मला म्हणाला, "तरी या मांडणीची तिथली भोकं मिलच्या साहेबानं माझ्याकडूनच बुजवून घेतली."

आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गात मिल बंद होण्याची कारणं शिकवतात. पाडायच्या भिंतीची भोकं का बुजवून घेतात, ते कुणी शिकवत नाही.

त्याने नवं भोक पाडलंच नाही. भिंतीतल्या जुन्याच भोकांत खिळे ठोकून मांडणी टांगली. ती तिरकी बसली. आई म्हणते, सरळ करून घेऊ. मी करू देत नाही.